परक्या यंत्रावरील मराठी कागद

दप्तरातील कागदाचे प्रयोजन तो लिहिला जाण्याने सिद्ध होत नाही. तो दुसऱ्या दप्तरात, दुसऱ्या माणसाकडून, आणि पुष्कळदा लिहिणाराच्या पश्चात, जसाच्या तसा वाचला गेला म्हणजेच सिद्ध होते. मराठी राज्यकारभारात ही गोष्ट चिटणीस-फडणिसांना इतकी स्वयंसिद्ध वाटत असे, की तिचा स्वतंत्र उच्चार करण्याचे त्यांना कधी कारणच पडले नाही. पुण्याहून निघालेला खलिता ग्वाल्हेरीस अगर तंजावरास पोहोचला, तर तो कोणत्या बोरूने लिहिला आणि शाई कोणी घोटली याची विचारपूस तेथील कारकुनाला करावी लागत नसे. मोडी वळण डोळ्यांना परिचित असले आणि मायन्याची रीत ठाऊक असली, की मजकूर हाती लागे. शाई वाळली की लेखनसाधनाचा आणि लेखनाचा संबंध संपत असे. संगणक दप्तरात आल्यावर हा संबंध संपेनासा झाला. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मसुदा तयार झाला तेच सॉफ्टवेअर, ज्या फॉन्टमध्ये तो उतरला तोच फॉन्ट, आणि प्रसंगी त्याच सालची तीच आवृत्ती दुसऱ्या टोकास हजर नसेल, तर कागद पोहोचूनही न पोहोचल्यासारखा होऊ लागला. कचेरीने कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हा प्रश्न आज खरेदीच्या टिपणीत दराच्या रकान्यापुरता उरलेला दिसतो. परंतु मराठी कागदापुरते पाहिले तर त्याला मोठा आणि बऱ्याच अंशी विस्मृतीत गेलेला पूर्वेतिहास आहे.

त्या इतिहासाचा आरंभ मोडीपासून करणे अप्रस्तुत होणार नाही. मोडीचा गुण तिच्या गतीत होता. पानभर आडव्या रेघा आधी ओढून ठेवायच्या, मग हात शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर गुंफीत जायचे, आणि ऱ्हस्वदीर्घाच्या भेदात वेळ दवडायचा नाही, अशी ती लिपी. या सर्व सवलती लिहिणाराच्या होत्या. त्यांची किंमत वाचणाऱ्याने संदर्भावरून अर्थ लावून चुकवावयाची होती, आणि वाचणारा त्याच परंपरेत वाढलेला होता तोवर ती कोणाला जाणवली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्याच्या कारभारातून मोडी मागे पडून बाळबोध रूढ झाली, आणि १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, तेव्हा दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या आपल्याच राज्याचे कागद बाळबोधीत उतरवून घेण्यासाठी मोडी जाणणाऱ्या साहाय्यकांचे पथक बसवावे लागले. लेखनसाधनाची निवड लिहिणाराच्या सोयीने करावी आणि तिचा भुर्दंड पुढे येणाऱ्या वाचकावर पडावा, हा व्यवहार पुढील प्रत्येक यंत्राच्या बाबतीत त्याच क्रमाने घडलेला दिसेल.

छापखान्याने हा भुर्दंड काही काळ स्वतःकडे घेतला. १८६९ साली स्थापन झालेल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासारख्या ठिकाणी देवनागरीची जोडाक्षरे, मात्रा आणि रफार यांचे खिळे शेकड्यांनी पाडले गेले, जुळाऱ्याने ते जुळवले, आणि वाचकाच्या वाट्यास सुबक पान आले. टंकलेखन यंत्राला मात्र असे औदार्य परवडणारे नव्हते. इंग्रजीसाठी घडलेल्या त्या सांगाड्यात पन्नासाहून कमी कळा. प्रत्येक कळीवर दोन आकृती धरल्या तरी स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे शंभराच्या आत बसवायची. ती बसवली गेली ती अक्षरांचे तुकडे करून. अर्धा ‘ग’ उमटवायचा आणि त्यापुढे काना दिला की पूर्ण ‘ग’ तयार. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येत असली तरी ती डावीकडे दिसते, म्हणून आधी वेलांटी ठोकायची आणि मग व्यंजन. रफार सर्वांत शेवटी. रेमिंग्टनच्या नावाने ओळखला जाणारा हा कळक्रम हजारो कारकुनांच्या बोटांत बसला. गोदरेजने १९५५ साली टंकयंत्रांची निर्मिती देशातच सुरू केली. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत मराठी टंकलेखनाची मिनिटास ३० शब्दांची गती ही अट कायमची होऊन बसली, आणि गावोगावच्या टायपिंगच्या क्लासांत तिची तयारी होऊ लागली. कागदावर शेवटी अक्षरच उमटत असल्यामुळे ते कोणत्या तुकड्यांतून आणि कोणत्या क्रमाने घडले याच्याशी वाचणाऱ्याला कर्तव्य नव्हते. हे कर्तव्य पुढे अनपेक्षित रीतीने उपस्थित झाले.

संगणकावर देवनागरी आणण्याचा पहिला मोठा विचार मात्र, आश्चर्य असे की, अगदी शहाणपणाने झालेला होता. कानपूरच्या आयआयटीमध्ये या विषयावर जे काम चालले होते, त्यातून तयार झालेला देवनागरी संगणक १९८३ साली दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखवण्यात आला. त्या कामातील मोहन तांबे पुढे पुण्यास सी-डॅकमध्ये आले. ही संस्था १९८८ साली विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली महासंगणकासाठी निघाली खरी, पण मराठी कारकुनाला तिची ओळख झाली ती ‘जिस्ट’ या नावाने. अक्षराची आकृती साठवायची नाही, उच्चार साठवायचा. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि मग इकार अशाच क्रमाने तो नोंदवायचा, आणि वेलांटी डावीकडे काढण्याचे काम चित्र काढणाऱ्या यंत्राकडे सोपवायचे, हे त्या सर्व विचाराचे सूत्र होते. याच सूत्रावर इस्की ही संकेतप्रणाली उभी राहिली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तिला आयएस १३१९४ या क्रमांकाने मानकाचा दर्जा दिला. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींचा वर्णक्रम एकच असल्यामुळे इस्कीत सर्वांना एकच संकेत दिलेले होते, इतके की देवनागरीत टंकलेला मजकूर एका आज्ञेसरशी गुजरातीत वा तेलुगूत पाहता येई. स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला अशी मांडणी असलेला इनस्क्रिप्ट हा कळफलकही याच विचाराचे अपत्य होय.

जिस्टचे कार्ड संगणकाच्या पेटीत बसवले, की डॉसवर चालणाऱ्या सामान्य इंग्रजी आज्ञावल्यांच्या पडद्यावर भारतीय लिपी दिसू लागे. हे मोठेच कौशल्य होते. परंतु ज्या आज्ञावल्यांच्या अंगावर ही लिपी चढवायची, त्या भारतीय लिपीचा विचार मनातही न आणता लिहिलेल्या होत्या. त्या काळी टंकलेखकांच्या जगावर राज्य करणारे वर्डस्टार हे सॉफ्टवेअर १९७८ साली अमेरिकेत निघाले. इंग्रजी अक्षराला सात बिटे पुरतात हे पाहून, उरलेले आठवे बीट त्याने स्वतःच्या खुणांसाठी, जसे की शब्दाचे अखेरचे अक्षर दाखवण्यासाठी, वापरून टाकले होते. इस्कीने भारतीय अक्षरांना जागा दिली ती नेमकी या आठव्या बिटाच्या मुलखात. एकाच वतनावर दोघांचा दावा लागावा तसा हा प्रकार होता, आणि वर्डस्टारच्या निर्मात्यांकडे त्याचा निवाडा मागायला कोणी जाण्याचा संभव नव्हता.

यानंतर विंडोज आले आणि शहाणपणाची जागा घाईने घेतली. विंडोजच्या पडद्यावर फॉन्ट बदलला की अक्षराचे रूप बदलते, मग इंग्रजी ‘ए’च्या जागी इंग्रजी आकृती न ठेवता मराठी आकृतीच ठेवून दिली तर, ही युक्ती इतकी सोपी होती की कोणालाही सुचावी; आणि ती बहुतेकांना एकदमच सुचली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी, बंगलोरकडील आकृती, आणि सी-डॅकचे स्वतःचे आयएसएम यांच्यासह लहानमोठ्या पुष्कळ विक्रेत्यांचे फॉन्ट १९९० नंतरच्या दशकात बाजारात आले. फॉन्टात आकृतींसाठी जागा होत्या सुमारे दोनशे. देवनागरीचे तुकडे त्यांत बसवणे प्राप्त होते, आणि तुकडे पाडण्याची तयार कल्पना टंकयंत्राने देऊन ठेवलेली होतीच. अर्धा ‘ग’ आणि काना पुनश्च वेगळे झाले. वेलांटी पुनश्च व्यंजनाच्या आधी आली. जे कागदावर निरुपद्रवी होते ते साठवणीत घातक ठरले, कारण आता साठवले जात होते ते अक्षर नव्हे, तर अक्षराच्या तुकड्यांचा अनुक्रम. आणि कोणता तुकडा कोणत्या क्रमांकाच्या घरात ठेवायचा हे प्रत्येक विक्रेत्याने आपल्या मर्जीने ठरवलेले. सी-डॅकने साठवणीसाठी इस्की आणि दर्शनासाठी आपला निराळा फॉन्ट-संकेत असा भेद तत्त्वतः राखला होता. पण कारकून वर्डमध्ये टंकून फाइल ठेवी तेव्हा त्या फाइलीत उतरे तो फॉन्टाचाच संकेत, आणि तत्त्व कपाटातील पुस्तिकेत राही.

त्या दशकातील मराठी दप्तराचा व्यवहार ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे मासले वेगळे सांगावयास नकोत. जिल्ह्याच्या कचेरीतून फ्लॉपीवर आलेले परिपत्रक मुंबईस उघडले की इंग्रजी अक्षरे, अर्धचंद्र, डॉलरची खूण आणि उभ्या रेघा यांचा एक निरर्थक घोळ पडद्यावर उभा राही. मग दूरध्वनीवर ‘फॉन्ट कोणता?’ अशी पृच्छा होई आणि ‘फाइलीबरोबर फॉन्टही पाठवा’ असे फर्मान सुटे. फॉन्ट पाठवला तरी काम भागत नसे, कारण काही पॅकेजे संगणकाच्या मागील बाजूस लावायच्या कुलपावाचून चालत नसत, आणि ते कुलूप दुसऱ्याच टेबलावर असे. छपाईवाल्यांकडे प्रत्येक फॉन्टासाठी निराळा माणूस नसला तरी निराळी सवय बाळगावी लागे. शब्द शोधणे, अकारविल्हे लावणे, शुद्धलेखन तपासणे ही जी कामे संगणकाने चुटकीसरशी करावयाची, ती मराठीत करता येत नसत. यंत्राच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच, इंग्रजी चिन्हांची ती एक अर्थहीन माळ होती. आणि तरीही कोणी कुरकुरले नाही, याचे कारण प्रस्तुत लेखकाच्या मते असे, की कचेऱ्या संगणकाकडे अजून सुधारलेले टंकयंत्र म्हणूनच पाहत होत्या. छापील प्रत निघाली, तिच्यावर सही-शिक्का झाला, जावक क्रमांक पडला, की फाइलीचे पुढे काय होते याची कोणाला फिकीर नव्हती. विक्रेत्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्याने रेमिंग्टनच्या कळक्रमाची मागणी केली, ज्याने फक्त छपाई पाहून पसंती दिली, तो गिऱ्हाईकही या दोषाचा वाटेकरी होय.

इंग्रजी कागदाची स्थिती वरकरणी चांगली दिसे. आत डोकावले तर तिथेही असाच कारभार होता, फक्त अक्षराच्या जागी सांगाड्याचा. मायक्रोसॉफ्टचे वर्ड डॉससाठी १९८३ साली, मॅकिंटॉशसाठी १९८५ साली आणि विंडोजसाठी १९८९ साली आले, आणि आवृत्त्या निघत गेल्या तशी त्याच्या फाइलीची अंतर्गत रचनाही अनेकदा बदलत गेली. वर्ड ९७ ने ठेवलेली फाइल वर्ड ९५ ला उघडता येईना. नव्यातून जुन्या स्वरूपात ठेवावी म्हटले तर आरंभी ते सॉफ्टवेअर डॉकचे नाव देऊन आत वास्तविक आरटीएफ हे दुसरेच स्वरूप लिहून मोकळे होई. या रचनेचे वर्णन अनेक वर्षे कंपनीच्या घरातच होते. बाहेरच्या सॉफ्टवेअरकारांनी ती फाइल उलगडली ती निरीक्षणाने आणि अनुमानाने.

गणिताच्या तक्त्यांची कथा याहून रंजक आहे. लोटस १-२-३ या तक्त्याच्या सॉफ्टवेअरने १९०० हे लीप वर्ष धरले होते. वस्तुतः शताब्दीचे वर्ष चारशेने भागले जात नसेल तर ते लीप नसते, आणि २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस कधी उगवलाच नाही. एक्सेलने ही चूक जाणूनबुजून उचलली, कारण लोटसच्या फाइली त्यात जशाच्या तशा चालावयास हव्या होत्या. मॅकिंटॉशवरील एक्सेलने ती टाळण्यासाठी दिनगणना १९०४ पासून सुरू केली. परिणामी एका यंत्रावरील तक्त्यातून दुसऱ्या यंत्रावरील तक्त्यात तारखा उतरवल्या, की त्या १४६२ दिवसांनी मागे-पुढे सरकू शकत. ज्या प्रांतात काही घटकांच्या फरकावरून पंचांगशोधनाचे वाद झाले आणि लोकमान्य टिळकांसारख्यांनी त्यांत लक्ष घातले, तेथील हिशेबनिसांनी हा न उगवलेला दिवस मुकाट्याने आपल्या रोजकीर्दीत वागवला, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

एकाच कंपनीच्या मर्जीवर सर्वांचे दस्तऐवज अवलंबून असावेत काय, हा प्रश्न युरोपातून पुढे आला. मार्को ब्योरिस या जर्मन मुलाने १९८५ साली, विशीही गाठलेली नसताना, ल्यूनेबुर्ग या गावी स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली होती. तिचे स्टारऑफिस विंडोज, लिनक्स आदी निरनिराळ्या प्रणालींवर चालत असे. १९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी तिची मूळ आज्ञावली ओपनऑफिस या नावाने सर्वांस खुली केली. त्या आज्ञावलीच्या फाइलस्वरूपावरून ओपन डॉक्युमेंट हे मानक घडले. मे २००५ मध्ये ओएसिस या संस्थेने आणि २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ते स्वीकारले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००५ सालीच आपल्या कचेऱ्यांसाठी त्याचा पुरस्कार करून मोठी खळबळ उडवली. मायक्रोसॉफ्टने उत्तरादाखल आपले ऑफिस ओपन एक्सएमएल पुढे केले. पहिल्या मानकाचे वर्णन सुमारे सातशे पृष्ठांचे, तर या दुसऱ्याचे सहा हजारांवर; आणि त्यात वर उल्लेखिलेले १९०० चे लीप वर्षही सन्मानाने समाविष्ट होते.

या दुसऱ्या मानकावर राष्ट्राराष्ट्रांची मते घेण्यात आली तेव्हा भारताने, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोने, सप्टेंबर २००७ मध्ये प्रतिकूल मत दिले आणि मार्च २००८ मध्ये ते कायम ठेवले. मानक तरीही संमत झाले. दक्षिण आफ्रिका, ब्राझील, व्हेनेझुएला यांच्यासमवेत भारताने अपील केले. तेही फेटाळले गेले. २०१० साली केंद्र सरकारने ई-कारभारासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले, आणि त्याच वर्षी ओपनऑफिसच्या कार्यकर्त्यांनी वेगळे होऊन लिबरऑफिस सुरू केले. धोरण चांगले होते. कचेऱ्यांतील फाइली मात्र डॉक आणि डॉकएक्स याच रूपात फिरत राहिल्या; मतदान करणारा भारत आणि टिपणी लिहिणारा भारत यांची गाठ क्वचितच पडते.

मराठी कागदाची खरी सुटका फाइलीच्या सांगाड्याने नव्हे, अक्षराच्या संकेताने व्हावयाची होती. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली तेव्हा तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतलेला होता. कानपूर-पुण्याचा तो उच्चारक्रमाचा विचार अशा रीतीने जगाच्या मानकात जाऊन बसला होता, आणि आपण मात्र दशकभर तुकड्यांच्या फॉन्टांत रमलो. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी प्रथम बसली ती ‘मंगल’ या फॉन्टासह. तो घडवला होता मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. कागदी सुलेखनात ज्यांची हयात गेली त्या माणसाचे अक्षर अशा तऱ्हेने देशभरातील कचेऱ्यांत पोहोचले, आणि बहुतेकांनी ते कोणाचे हे कधी विचारले नाही. २००९ साली केंद्राने ई-कारभारासाठी युनिकोड हेच मानक ठरवले. महाराष्ट्र शासनानेही त्याच वर्षी मराठी वर्णमाला व लिपी यांचे प्रमाणीकरण करून ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे निश्चित केली.

येथे कथा संपली असा समज होण्याचा संभव आहे, आणि तो बाळगणाऱ्यास लवकरच पश्चात्ताप होईल. आचार्यांना निमंत्रण देणे आणि आचाऱ्यांना निमंत्रण देणे यांतील भेद मराठी माणूस जाणतो. तो दाखवणारा चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन मार्गांनी उमटवता येतो, एकदा नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून आणि एकदा साध्या ‘र’पुढे हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. शोध घेणाऱ्या यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. ‘ॲ’ची गोष्ट तशीच. मराठीत रूढ असलेल्या या रूपाला युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळाले ते २००८ साली; तोवर कोणी ‘अ’वर अर्धचंद्र ठेवून, तर कोणी हिंदीच्या वळणाचा ‘ऍ’ वापरून काम भागवले होते, आणि ते सर्व प्रकार आजही एकाच दप्तरात एकमेकांशेजारी नांदत आहेत.

दुसरा घोटाळा सॉफ्टवेअरच्या पोटात आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळे कित्येक चांगल्या कचेऱ्या एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर जाण्याचा नाद सोडून देतात. वर्ड असो वा लिबरऑफिस, दोघेही मजकुराच्या प्रत्येक तुकड्यासाठी एक नव्हे तर अनेक फॉन्ट नोंदवतात. रोमन लिपीसाठी एक, चिनी-जपानीसाठी एक, आणि देवनागरी-अरबीसारख्या तथाकथित जटिल लिपींसाठी वेगळा. इतकेच नव्हे तर अक्षराचा आकार आणि ठळकपणाही या तिसऱ्या वर्गासाठी स्वतंत्र नोंदला जातो. एका सॉफ्टवेअरमध्ये ‘१४’ हा आकार आणि ठळक अक्षर निवडले, आणि ते केवळ रोमनच्या रकान्यात नोंदले गेले, तर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तोच मथळा बारीक आणि फिका उमटतो. दोष फाइलीच्या स्थलांतराचा म्हणून गणला जातो, आणि असतो तो नोंदीचा. त्यात मंगल हा फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा. लिनक्सवर तो नसतो, तेथे बहुधा लोहित येतो, आणि मॅकवर ॲपलचे स्वतःचे देवनागरी फॉन्ट. या सर्वांच्या अक्षरांची रुंदी आणि ओळींमधील अंतर भिन्न असल्यामुळे आठ पृष्ठांचा ठराव नऊ पृष्ठांचा होतो, सहीची जागा एकटीच शेवटच्या पानावर जाऊन पडते, आणि तक्त्याचा रकाना फुटतो. रोमनमध्ये एरियल, टाइम्स न्यू रोमन यांच्या रुंदीशी तंतोतंत जुळणारे लिबरेशन हे मुक्त फॉन्ट रेड हॅटने २००७ साली काढून हा त्रास पुष्कळ कमी केला. मराठी कचेरीला यावर उपाय स्वतःच योजावा लागतो, आणि तो फार कठीण नाही. खुल्या परवान्याचा एक देवनागरी फॉन्ट ठरवून तोच सर्व प्रणालींवर बसवावा, आणि फाइलीतच फॉन्ट अंतर्भूत करण्याची जी सोय दोन्ही सॉफ्टवेअरांत आहे तिचा उपयोग करावा.

सॉफ्टवेअर निवडताना पत्रकांतील गुणांची यादी वाचण्यापेक्षा जुन्या जमाखर्चातील रुजुवातीची रीत अवलंबणे अधिक फलदायी होते. आपल्या दप्तरातील सर्वांत अडचणीचा कागद घ्यावा: ज्यात लांब तक्ता आहे, तळटिपा आहेत, देवनागरी अंकांचे पृष्ठांक आहेत, ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ आहेत, आणि वरिष्ठांनी लाल खुणांनी केलेल्या दुरुस्त्याही आहेत. तो विंडोजवरून लिनक्सवर, तेथून मॅकवर पाठवावा. प्रत्येक ठिकाणी एक ओळ दुरुस्त करावी. आणि परत मूळ यंत्रावर आणून मूळ प्रतीशी ओळीओळीने रुजू घालावा. एकदा उघडून कागद जसाच्या तसा दिसला एवढ्यावर विसंबणाऱ्यांची फसगत होते, कारण बिघाड बहुधा परतीच्या प्रवासात होतो. तक्त्यांतील मॅक्रो एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात सुखरूप जातील ही आशा करू नये. ज्या कागदात पुढे फेरफार व्हावयाचे नाहीत तो पीडीएफ करून पाठवावा, पण मूळ संपादनयोग्य प्रतही जपून ठेवावी. जुन्या फॉन्टातील मजकुराची पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसली तरी तिच्यातून एक शब्दही शोधून मिळत नाही. या चाचणीला अर्धा दिवस लागतो. म्युनिक शहराने २००३ साली लिनक्सकडे जाण्याचे ठरवले, सुमारे १५,००० संगणक तिकडे नेले, आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. तेथील राजकारणाचा भाग सोडला तरी बाहेरून येणाऱ्या कागदांशी रोज चालणारी झटापट ही त्या कथेतील एक खरी व्यथा होती.

जुन्या फॉन्टांतील फाइलींचा प्रश्न अजून शिल्लक आहेच. त्या युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरके मिळतात. त्यांना तुकडे ओळखून अक्षर जोडावे लागते, डावीकडे ठेवलेली वेलांटी संपूर्ण जोडाक्षर ओलांडून उजवीकडे न्यावी लागते, शेवटी ठोकलेला रफार मागे आणून ‘र’ म्हणून बसवावा लागतो, आणि ‘स्थिती’, ‘कर्त्यांनी’ यांसारख्या शब्दांत ती हमखास अडखळतात, म्हणून नंतर माणसाने मुद्रितशोधन करणे भाग पडते. वर्डच्या फाइलीत निदान फॉन्टाचे नाव लिहिलेले असते. डीबेससारख्या जुन्या तक्त्यांत, जेथे खातेदारांची आणि लाभार्थ्यांची नावे वर्षानुवर्षे भरली गेली, फॉन्टाचे नाव नोंदण्यास जागाच नव्हती. तेव्हा अशा तक्त्याचे काम हाती घेणारा जाणता माणूस संगणकाला हात लावण्यापूर्वी त्या काळी त्याच तक्त्यावरून काढलेली छापील यादी कोठे फाइलीस लावलेली आहे काय, एवढेच आधी विचारतो, आणि ती मिळाली तर तिच्यातील पाचपन्नास नावांवरून कोणत्या संकेताला कोणता तुकडा याची तालिका बसून तयार करतो.